वायर काढून ठेवलेली डिस्क

वीज गेली की वसईजवळच्या आमच्या गासमध्ये सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण 2017 च्या जूनमध्ये वीज गेल्यामुळेच मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी सावरली. ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्याने तिचे जगभरचे संगणक निकामी केले, आपल्या जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनलही ठप्प झालं. नेटवर्क पुन्हा उभं करायला लागणारा एक महत्त्वाचा सर्व्हर फक्त घानात शाबूत सापडला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली, म्हणून तो बंद होता. खंडणीचा संदेश दिसत असला, तरी पैसे भरून फायली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती.

तेव्हा पहिला खर्च आपल्या फायलींच्या अशा प्रतीवर करा, जी एरवी कशालाच जोडलेली नसते.

1 टीबीची बाहेरची हार्ड डिस्क साधारण साडेपाच ते सात हजारांना पडते. भाव हलतात, दोन दुकानांत विचारा. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने दोन घ्याव्यात. अनेक स्टुडिओंत डिस्क असते, पण ती वर्षभर यूएसबीला लटकलेली. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, संगणकात शिरलं की जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं. कॉपी झाली की ‘इजेक्ट’, वायर काढा, डिस्क डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात आपल्याकडची हवा ठाऊक आहेच. दुसरी डिस्क दुसऱ्या घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर. जुलै 2018 चं पाणी वसईकर विसरलेले नाहीत.

घरची कागदपत्रं, म्हणजे सातबारा, खरेदीखत, मुलांचे दाखले, यांना एवढा खर्च नको. 64 जीबीचे दोन पेनड्राइव्ह, हजारेक रुपये. दुकानात टॅली असेल तर दर शनिवारी टॅलीतूनच बॅकअप घ्या, एका आठवड्यात एका पेनड्राइव्हवर, पुढच्या आठवड्यात दुसऱ्यावर.

गूगलचे 15 जीबी फुकट. 100 जीबी वर्षाला साधारण 1,300 रुपयांत. मात्र संगणकाशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरला बॅकअप समजू नका, कुलूपबंद झालेली फाइलही तशीच वर जाते. ड्राइव्हवर जुनी आवृत्ती साधारण 30 दिवस मिळते, तेवढ्यात धावपळ करावी लागते.

विकतचा अँटिव्हायरस? माझ्या मते डिस्कच्या नंतर. विंडोजचा डिफेंडर फुकट आहे. त्यात ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’खाली ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ हे बटण बहुधा बंदच असतं, ते चालू करा. एखादं ओळखीचं सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करताना अडलं, तर त्याला तिथेच परवानगी देता येते. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हेही लक्षात घ्या. आणि अल्बम बनवायचं ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर कुणी फुकट दिलं, तर ते फुकट का, हा प्रश्न विचारा.

हल्ला झालाच तर आधी वायफाय बंद करा आणि नेटवर्कची वायर काढा. घाईने फॉरमॅट मारू नका. खंडणीच्या संदेशाचा फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा, पैसे गेले असतील तर लगेच 1930 लावा. ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. ‘आम्ही सोडवून देतो’ म्हणत आगाऊ रक्कम मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

घरात डिस्क आधीपासून असेल तर आज रात्री ती लावा, त्यातल्या चार फायली खरंच उघडतात का ते बघा, आणि झोपण्याआधी वायर काढा.