पाळीबरोबर दुखणारी गाठ

समजा, एका बाईचे सिझेरियन होऊन दोन वर्षे झाली आहेत. टाक्यांच्या जागी सुपारीएवढी गाठ आली आहे. एरवी ती जाणवत नाही, पण पाळी आली की सुजते, ठणकते. पाळी सरली की दुखणे ओसरते. कोणी म्हणते टाका पिकला, कोणी म्हणते अंतर्गळ. ती मात्र लाजेने गप्प राहते.

हा एन्डोमेट्रिओसिस असू शकतो. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, त्या विकाराचे हे नाव. बहुधा तो ओटीपोटात असतो, पण कधी कधी दूरही सापडतो. सिझेरियनच्या वेळी अस्तराच्या काही पेशी जखमेत राहून तेथेच रुजू शकतात. बांधावर सांडलेले बी पाऊस पडताच उगवते, तशा या पेशी दर महिन्याच्या संप्रेरकांनी जाग्या होतात. हा रोग संसर्गाचा नाही आणि सहसा कर्करोगही नव्हे.

जागेप्रमाणे लक्षणे बदलतात :

बेंबी – पाळीत गाठ दुखते, रक्त येते.
आतडे – शौचाला कळ, कधी रक्त.
मूत्राशय – लघवीला वेदना, कधी रक्त.
छाती (क्वचित) – पाळीच्या सुमारास, बहुधा उजवीकडे दुखणे, दम लागणे, खोकल्यातून रक्त.

खोकल्यातून रक्त आल्यास क्षयाची तपासणी करावीच. पण पाळीच्या तारखाही डॉक्टरांना सांगाव्यात. एकाएकी दम लागल्यास 'पाळीचेच आहे' म्हणून घरी थांबू नये. फुप्फुसाभोवती हवा शिरलेली असू शकते. ताबडतोब इस्पितळ गाठावे.

उपचार : तपासणी सोनोग्राफीने, गरज पडल्यास एमआरआयने होते. टाक्यातील गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह शस्त्रक्रियेने काढतात व तपासणीस पाठवतात. डायनोजेस्टसारख्या संप्रेरकांच्या गोळ्यांनी वेदना दबतात, पण गाठ मुळासकट जात नाही. गोळ्या थांबवल्यावर त्रास परतू शकतो. मूल हवे असल्यास ते आधीच सांगावे, कारण या गोळ्या चालू असताना गर्भधारणेचा प्रयत्न करता येत नाही. गाठ शेकत बसणे किंवा कोणाकडून फोडून घेणे टाळावे.

भगिनींनो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने दोन खुणा करा : एक पाळीची, एक दुखण्याची. दोन्ही खुणा एकत्र पडत असतील, तर ते कॅलेंडर घेऊनच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. त्रास जास्त असेल तर तीन महिनेही थांबू नका. आणि घरच्या पुरुषांनो, 'बायकांचे असे दुखायचेच' म्हणू नका. सोबत जा.