जागेचा सौदा, मोबाईलचा गट आणि आपला एतबार

कापडाचा पोत पाहिल्याशिवाय भाव बोलू नये, ही आमच्या धंद्यातील पहिली शिकवण. तागा उलगडायचा, कापड दोन बोटांत धरायचे, उजेडात नेऊन वीण पाहायची आणि मगच सौद्याला बसायचे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सुरत, कोठेही खरेदीला गेलो तरी आम्ही हीच पद्धत पाळली. आता मालाचा फोटो मोबाईलवर येतो आणि निम्मा सौदा तेथेच होतो. कापडात चूक झाली तर एखादी गाठ खराब निघते आणि नुकसान सोसून माणूस पुढे जातो. परंतु हीच सवय आता जमिनीच्या, प्लॉटच्या आणि घराच्या व्यवहारात शिरली आहे. तेथे चूक झाली तर जन्माची कमाई जाते. म्हणून कापडवाले असूनही आज या विषयावर लिहीत आहोत.

संगमनेरात जागेचे दलाल पूर्वी चहाच्या हॉटेलात, बस स्थानकाजवळ किंवा तहसील कचेरीच्या आवारात भेटत. आज तेच काम व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आणि फेसबुकवर चालते. आपल्या समाजातील अनेक तरुण या धंद्यात आले आहेत. हातमाग गेले, विडीचे काम कमी झाले, दुकानाला भांडवल नाही. अशा वेळी एक मोबाईल आणि चार ओळखी यांवर सुरू होणारा हा धंदा त्यांना जवळचा वाटला. धंदा वाईट नाही. ठरलेला मोबदला घेऊन प्रामाणिकपणे मध्यस्थी करणे शरीअतमध्ये जायज आहे. प्रश्न आहे तो धंदा करण्याच्या रीतीचा.

आमच्या हातून घडलेली चूक

तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने आम्हाला गावाबाहेरील प्लॉटचा संदेश पाठविला. ‘शेवटचे पाच प्लॉट, भाव वाढणार’ असा मजकूर होता. आम्ही तो आमच्या गिऱ्हाईकांच्या गटावर जसाच्या तसा पुढे ढकलला. त्यात आमचा एक पैशाचा फायदा नव्हता. आमच्याकडून अस्तर आणि बटणे नेणाऱ्या एका शिंपी बांधवाने तो वाचून ५१ हजार रुपये विसार दिला. पुढे सातबारा काढला तेव्हा कळले की जमिनीवर सोसायटीचा बोजा आहे, बिगरशेतीचा आदेश नाही आणि वारसांपैकी एका बहिणीची संमतीच घेतलेली नाही. सात महिने हेलपाटे घातल्यावर ३० हजार परत मिळाले. उरलेले आम्ही आमच्या गल्ल्यातून दिले. आम्ही त्यांना विचारले, “न पाहता पैसे कसे दिलेत?” ते म्हणाले, “सेठ, मी प्लॉट कुठं पाहिला? मी तुमचा नंबर पाहिला.”

हे वाक्य आम्ही विसरलो नाही. या नव्या बाजारात माणूस जागेकडे नंतर पाहतो. आधी संदेश कोणाकडून आला ते पाहतो. म्हणजे येथे विकला जाणारा खरा माल जागा नसून पाठविणाऱ्याचा एतबार आहे. एतबार एकदा फाटला तर त्याला रफू होत नाही.

गट कशासाठी असतो

पुष्कळ दलाल बांधवांचा समज असा की जितके जास्त गट तितका जास्त धंदा. हा समज चुकीचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात १,०२४ माणसे घेता येतात. पण हजार माणसांच्या गटात रोज दोनशे जाहिराती पडत असतील तर त्या वाचतो कोण? ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना एकदम संदेश पाठविता येतो, मात्र तो ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. या एका नियमात मोठा धडा आहे. जो आपल्याला ओळखतो, तोच आपले ऐकतो.

दलालांनी आपापले सौदे एकमेकांपुढे मांडायचे आणि व्यवहार झाला की दलाली वाटून घ्यायची, ही कल्पना मोबाईलच्या फार आधीची आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दलाल ठरावीक दिवशी एकत्र जमून असे करीत आले. जो दुसऱ्याचे गिऱ्हाईक पळवितो किंवा खोटी माहिती देतो, त्याच्याशी पुन्हा कोणी व्यवहार करीत नाही, या एका भरवशावर अशी पद्धत चालते. संगमनेर, अकोले, सिन्नर, नारायणगाव, नाशिक आणि पुणे येथील वीस-पंचवीस भरवशाच्या दलालांचा लहान गट हा हजार अनोळखी लोकांच्या गटापेक्षा अधिक कामाचा आहे. संगमनेरचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो, भाऊ आखातात असतो, त्यांना घर मात्र गावातच हवे असते. अशी गरज लहान गटातूनच योग्य माणसापर्यंत पोहोचते.

कायदा मोबाईललाही लागू आहे

‘आम्ही फक्त मेसेज पाठवितो’, असे म्हणून आता सुटता येत नाही. स्थावर संपदा कायदा, ज्याला लोक रेरा म्हणतात, २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. आपल्या राज्यात त्याचे काम महारेरा हे प्राधिकरण पाहते. दलाल बांधवांनी या कायद्यातील पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

१) प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीची सक्ती नाही. इतर प्रकल्पांची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात, बुकिंग किंवा विक्री करता येत नाही. जमिनीचे प्लॉट पाडून विकणे यातही हाच नियम आहे.

२) कोणत्याही माध्यमातून घेणाऱ्याची व विकणाऱ्याची गाठ घालून देऊन मोबदला घेणारा माणूस कायद्याने एजंट ठरतो. त्याला दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा, फरक पडत नाही. नोंदणीकृत प्रकल्पातील जागा विकायची तर त्याचीही महारेराकडे नोंदणी हवी.

३) जाहिरातीची व्याख्याही ‘कोणत्याही माध्यमातून’ अशीच आहे. म्हणजे मोबाईलवरचा संदेशही जाहिरातच. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड देणेही बंधनकारक झाले आहे.

४) नोंदणी न करता एजंटचे काम केल्यास, किंवा नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील जागा विकून दिल्यास, दर दिवसाला १० हजार रुपये याप्रमाणे, त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन टक्के दलालीसाठी पाच टक्के दंड भरणे हा कोणता व्यापार?

५) २०२४ पासून एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते व प्रमाणपत्र मिळवावे लागते. आपल्या तरुणांनी याला कटकट समजू नये. प्रमाणपत्र असलेला आणि नसलेला यांतील फरक गिऱ्हाईकाला दिसू लागला आहे.

जुने घर किंवा जुने दुकान एकाने दुसऱ्याला विकणे हा व्यवहार रेराच्या नोंदणीत येत नाही. पण खोटे बोलण्याची मुभा तेथेही नाही.

संदेश कसा लिहावा

‘मोक्याची जागा, सुवर्णसंधी, लवकर भेटा’ अशा संदेशाने काही कळत नाही. त्यापेक्षा पुढीलप्रमाणे लिहावे : ‘घुलेवाडी शिवार, बिगरशेती प्लॉट, ११० चौरस मीटर. रस्ता ६ मीटर, कच्चा. पाण्याची लाईन अजून नाही. सातबारा विक्रेत्याच्या नावावर, कर्ज नाही. भाव प्रत्यक्ष बोलणीत. दलाली एक टक्का. जागा आम्ही अमुक तारखेला स्वतः पाहिली आहे.’ रस्ता कच्चा आहे, पाणी नाही, हेही लिहिले आहे, इकडे लक्ष द्यावे. काही दलाल म्हणतील, असे लिहिल्यावर घेणार कोण? आमचा अनुभव उलट आहे. डाग असलेला तागा डाग दाखवून विकला तर भाव थोडा उतरतो, पण गिऱ्हाईक टिकते.

हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, खालचे धान्य ओले निघाले आणि व्यापाऱ्याला त्यांनी समज दिली, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकला आहे. ओला माल वर ठेवावा म्हणजे लोकांना दिसेल, हा त्यातील बोध. जागेचा ऐब संदेशाच्या पहिल्या ओळींत लिहिणे म्हणजे ओले धान्य वर ठेवणे होय.

त्याचप्रमाणे घ्यायचे नसताना गटावर ‘मी दोन लाख जास्त देतो’ असे लिहून भाव चढविणे याला शरीअतमध्ये नजश म्हणतात आणि ते हराम आहे. मित्राच्या मदतीसाठी केले तरी तो गुन्हाच. दुसऱ्याचा सौदा ठरत आला असताना मध्ये पडून तो मोडण्यासही मनाई आहे. गटप्रमुखाने हे दोन नियम गटाच्या माहितीतच लिहून ठेवावेत.

अफवा आणि भाव

पुणे-नाशिक नव्या रेल्वेचे उदाहरण आपल्यासमोर आहे. पहिल्या आखणीत ही लाईन नारायणगाव व संगमनेरमार्गे जाणार होती. त्या भरवशावर ‘रेल्वे येणार’ हे शब्द प्लॉटच्या जाहिरातींत येऊ लागले. पुढे नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल या कारणाने आखणीला हरकत निघाली आणि २०२५ साली रेल्वे मंत्रालयाने अहिल्यानगर-शिर्डीकडून जाणाऱ्या दुसऱ्या मार्गाचा विचार पुढे आणला. रेल्वे संगमनेरातून जावी अशी आमचीही इच्छा आहे. पण सरकारी कागदावर जे पक्के झालेले नाही, ते गृहीत धरून गरीब माणसाकडून जास्त भाव घेणे बरोबर नाही. आलेल्या खबरीची तहकीक करावी, नाहीतर अजाणता कोणाचे नुकसान होऊन पश्चात्ताप करावा लागेल, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. पुढे ढकलण्याचे बटण दाबण्याआधी ही ताकीद आठवावी.

घेणाऱ्याने काय पाहावे

कारागीर बांधव, शिंपी, विणकर, फळविक्रेते यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) सातबारा, आठ-अ आणि फेरफार महाभूलेखच्या संकेतस्थळावरून स्वतः काढावेत. गावठाणात किंवा शहरात मिळकत पत्रिका पाहावी. विकणाऱ्याने पाठविलेल्या फोटोवर विसंबू नये.

२) नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेत त्या जागेचे जुने दस्त शोधावेत. एकच जागा दोघांना विकलेली असेल तर ती येथे सापडू शकते.

३) सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिले असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नये. वक्फची जागा तर विकताच येत नाही. असा प्लॉट कितीही स्वस्त असला तरी दूर राहावे.

४) वारसांत बहिणी किती, हे विचारावे. बहिणीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिलेला आहे. कागदावर तिचे नाव नाही म्हणून तिचा हक्क जात नाही. अशी जागा घेणारा उद्या कोर्टात उभा राहतो आणि आखिरतमध्येही त्याला जाब द्यावा लागेल.

५) गुंठ्याने जमीन घेताना तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा लक्षात घ्यावा. २०२५ साली त्यात सवलती आल्या आहेत. आपला प्लॉट त्यात बसतो का, हे वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय विसार देऊ नये.

६) नोंदणीकृत प्रकल्पात विक्रीचा करार नोंदविण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पैसे बँकेतून द्यावेत आणि पावती घ्यावी. देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, हा सूरह बकराचा हुकूम आपण कितीदा ऐकतो आणि विसारपावतीच्या वेळी नेमका विसरतो.

७) भाड्याने खोली पाहिजे म्हणून फोन करणारा अनोळखी माणूस ‘आगाऊ पैसे पाठवितो, हा कोड स्कॅन करा’ म्हणाला की फोन बंद करावा. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

८) आधार कार्ड, खरेदीखत, सही यांचे फोटो गटावर टाकू नयेत. ज्याला द्यायचे त्यालाच द्यावेत.

शेवटी एकच गोष्ट

आमच्या वडिलांच्या काळी दुकानाच्या उंबऱ्यावर बसलेला माणूस गिऱ्हाईकाला म्हणे, “यांच्याकडे घ्या, माप बरोबर मिळेल.” तीच आमची जाहिरात होती. आज तो उंबरा मोबाईलमध्ये आला आहे. तेथेही माप बरोबरच द्यावे लागेल. दलाल बांधवांनी एक सवय लावून घ्यावी : जी जागा आपण पायाने चाललो नाही आणि जिचा सातबारा आपण वाचला नाही, तिचा संदेश पुढे पाठवायचा नाही. आम्ही त्या शिंपी बांधवाच्या प्रसंगानंतर हाच नियम केला. गटावरचे आमचे संदेश कमी झाले. पण आता आमच्या नावाने संदेश गेला की लोक फोन करून विचारतात, “सेठ, तुम्ही बघितलंय ना?” आणि आम्हाला ‘हो’ म्हणता येते. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत हलालची बरकत देवो. आमीन.