वातपान : भाड्याच्या खोलीतील ओल आणि खेळती हवा

दहावी-बारावीनंतर आपल्या विद्यालयातील मुले-मुली पारशिवनी सोडून नागपूर-कामठीस शिकावयास जातात आणि एखाद्या जुन्या घरातील खोली चौघांत मिळून भाड्याने घेतात. हिवाळ्यातील एका सकाळी पेटीमागच्या भिंतीवर काळी बुरशी दिसते, पांघरुणांना कुबट वास येऊ लागतो. मुले घरमालकाला बोल लावतात, घरमालक मुलांना. हे पाणी आले कोठून, याचा शोध आधी घ्यावा असे आम्हांस वाटते.

प्रत्येक ओल छतातून गळलेली नसते. २५ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. तीच हवा १५ अंशांवर आली की जेमतेम १३ ग्रॅम. उरलेले बाष्प सर्वांत थंड जागी, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर अथवा टिनाच्या पत्र्याखाली, पाणी होऊन बसते. झोपलेला मनुष्य श्वासातून व त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. चौघांचे ते लिटरभर झाले. एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते. त्यात दोरीवर ओले कपडे.

आपल्याकडील कवेलूंच्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता. कवेलूंच्या फटींतून धूर आणि वाफ आपोआप निघून जाई. पाऊसही आत येई, हे खरे. कवेलू जाऊन टिना आल्या, फटी सिमेंटने बुजल्या, आणि चोराच्या भीतीने खिडकीला खिळे ठोकले गेले.

ओल हवेतील की भिंतीतील, हे ओळखणे सोपे आहे. भिंतीचा तो भाग कोरडा पुसून त्यावर पोळ्या गुंडाळतात त्या अॅल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा चारही कडांनी चिकटवावा व दोन दिवसांनी पाहावा. खोलीकडच्या बाजूस थेंब असतील तर पाणी हवेतील आहे. भिंतीकडच्या बाजूस असतील तर ते भिंतीतून येत आहे. मग ती दुरुस्ती घरमालकाची. करारात वेगळे ठरले नसेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ हेच सांगते.

कोंदट खोलीत केवळ भिंत खराब होत नाही. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. एकाचा खोकला चौघांचा होतो. थंडीत कोणी पेटलेली शेगडी आत घेऊन दार लावले, तर निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि झोपलेली मुले उठत नाहीत. येथे तडजोड नको.

खिडकीला पालीत ‘वातपान’ म्हणतात. चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्खूंच्या निवासासाठी कठड्याच्या, जाळीच्या व गजांच्या अशा तीन प्रकारच्या वातपानांना अनुमती दिली आहे. त्याच ग्रंथातील वत्तक्खन्धकात निवासाची निगा सांगितली आहे : थंडीत खिडक्या दिवसा उघडाव्यात व रात्री लावाव्यात, उन्हाळ्यात याच्या उलट करावे, अंथरूण बाहेर काढून उन्हात टाकावे, रंगविलेल्या भिंतीवर बुरशी आली तर फडके भिजवून, पिळून, त्याने ती पुसावी. एवढा बारकावा विनयात आहे, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

चौघांच्या खोलीत मात्र थंडीतही रात्री खिडकी पूर्ण लावून चालणार नाही. चार बोटे फट राहू द्यावी, आणि शक्य असेल तर समोरच्या बाजूस वरचा झरोका मोकळा ठेवावा. एकाच बाजूने हवा खेळत नाही. भाताला उकळी आली की झाकण ठेवावे व खिडकी उघडावी. कपडे गच्चीवर वाळवावेत. पेटी-कपाट भिंतीपासून वीतभर दूर सरकवावे. बुरशी पुसून कोरड्या झालेल्या भिंतीला चुन्याचा हात द्यावा. चुन्यावर ती सहजी धरत नाही. सिमेंटच्या गिलाव्याने मात्र मातीच्या भिंतीतील ओल आतच कोंडते.

कूलरविषयीही सांगावयास हवे. मे महिन्यात तो खिडकी उघडी ठेवूनच थंडावा देतो. पावसाळ्यात त्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, नाहीतर आधीच दमट असलेल्या खोलीत आपणच पाणी ओतत राहतो.

पालकांनी खोली पाहावयास जाताना दुपारी न जाता सकाळी लवकर जावे. दार उघडताच येणारा वास घ्यावा, कोपऱ्यातील भिंतीला हात लावून पाहावा, आणि खिडकीला खिळे असतील तर ते डिपॉझिट देण्यापूर्वी काढून घ्यावेत.