दिसायला सारखं, असायला वेगळं

जँगोवर बेतलेल्या एका अंतर्गत फ्रेमवर्कचं डॉक्युमेंटेशन प्रस्तुत लेखिकेने उभं केलं, ते बिघडवलं दुसऱ्यांनी, आणि खापर फुटलं तिच्या डोक्यावर. कंपनीचं नाव इथे लिहायची गरज नाही. पण जे घडलं ते कुठल्याही टीममध्ये घडू शकतं, म्हणून ते सांगायलाच हवं.

वाद होता मार्कअपचा. सेटिंगचं नाव, कमांड, टेम्प्लेट टॅग, क्लास ही सगळी नावं वाचणाऱ्याला पानावर जवळपास एकाच फॉन्टमध्ये दिसतात. लिहिणाऱ्याने मात्र प्रत्येकाचा प्रकार सांगायचा असतो. जँगोच्या डॉक्समध्ये सेटिंगसाठी ‘सेटिंग’, टेम्प्लेट टॅगसाठी ‘टीटॅग’, फिल्टरसाठी ‘टीफिल्टर’, फील्ड लुकअपसाठी ‘लुकअप’ आणि जँगो-अॅडमिनच्या कमांडसाठी ‘डीजेअॅडमिन’ असे वेगवेगळे रोल ठरलेले आहेत. जिथे ती गोष्ट समजावून सांगितली आहे तिथे डायरेक्टिव्ह, आणि जिथे नुसता उल्लेख आहे तिथे रोल. या दोन टोकांची गाठ स्फिंक्स हे डॉक्स तयार करणारं साधन मारतं, लिंक तयार करतं, इंडेक्समध्ये नोंद घालतं.

ही शिस्त कुणा एकीच्या हट्टातून आलेली नाही. पायथनचं डॉक्युमेंटेशन २००७पर्यंत लाटेकमध्ये होतं, आणि त्यातही क्लास, फंक्शन, मॉड्यूल यांना वेगवेगळे मॅक्रो होते. नावांचे प्रकार आधीच नोंदलेले होते, म्हणूनच गेऑर्ग ब्रांडल यांना एवढा मोठा मजकूर प्रोग्राम लिहून रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या मार्कअपमध्ये आणता आला. त्याच कामातून स्फिंक्स निघालं आणि मार्च २००८मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. सप्टेंबर २००८मध्ये जँगो १.० आलं, त्याच्या जेमतेम आधी जँगोचे डॉक्स स्फिंक्सवर गेले. बाकीच्या फ्रेमवर्कांचंही तसंच आहे. सिम्फनीच्या डॉक्समध्ये एकच कॉन्फिगरेशन यॅमलमध्ये आणि पीएचपीमध्ये शेजारी-शेजारी दाखवायला वेगळा डायरेक्टिव्ह आहे. रेल्सच्या एपीआय डॉक्युमेंटेशनच्या नियमांत साधं मेथडचं नाव अधिकच्या चिन्हांत चालतं, पण त्याहून गुंतागुंतीच्या मजकुराला ‘टीटी’ टॅगच वापरायला सांगितलेला आहे. मोठे प्रकल्प इतक्या बारकाईने हे का लिहून ठेवतात, याचा विचार आमच्या टीम लीडनी एकदा तरी करायला हवा होता.

तो त्यांनी केला नाही. रोलचा विषय निघाला की त्यांचं ठरलेलं वाक्य असे : “मॅडम, वाचणाऱ्याला कोडचा फॉन्ट दिसला म्हणजे झालं की!”

लेखिकेने बिल्ड कडक ठेवलं होतं. जँगोच्या डॉक्सची सूची इंटरस्फिंक्समधून जोडलेली, निटपिकी (न सापडलेल्या प्रत्येक संदर्भावर वॉर्निंग देणारं सेटिंग) चालू, आणि प्रत्येक वॉर्निंगला एरर मानायचं. एका रिलीजच्या तोंडावर बिल्ड अडलं. ती रजेवर होती. लीडनी सगळ्या फायलींवर फाइंड-रिप्लेस चालवलं, होते नव्हते ते रोल उडवले, त्यांच्या जागी दुहेरी बॅकटिक टाकले आणि बिल्ड हिरवं करून घेतलं. रिव्ह्यू नाही, निरोपाचा एक मेलही नाही.

पुढे नवीन आलेल्या एका मुलाने त्याच डॉक्समधलं एक पान समोर ठेवून नवी सर्व्हिस उभी केली. अपलोड झालेल्या फायली क्लाउडवर जायला हव्या होत्या, त्या गेल्या सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर. पुढच्या डिप्लॉयमेंटला जुना कंटेनर गेला, आणि त्याच्याबरोबर ग्राहकांच्या फायलीही. मीटिंगमध्ये लीडनी सगळ्यांसमोर सांगितलं की डॉक्युमेंटेशन शिळं होतं. त्या मुलाला कुणी काही बोललं नाही, ते बरोबरच होतं. पण लेखिकेला एक प्रश्नही न विचारता निकाल देऊन टाकला गेला.

त्या संध्याकाळी तिने गिटचा इतिहास उघडला. त्या पानावरची ओळ आधी अशी होती : ‘:सेटिंग:`डीफॉल्ट_फाइल_स्टोरेज`’. नंतर झाली ‘``डीफॉल्ट_फाइल_स्टोरेज``’. मग तिने त्या रिलीजच्या दिवशी अडलेल्या बिल्डचा लॉग काढला. बिल्ड ज्या वॉर्निंगवर थांबलं होतं, त्यात हेच नाव होतं. अपलोड झालेल्या फायली कुठे ठेवायच्या हे ठरवणाऱ्या या सेटिंगचा संदर्भ सापडत नाही, असं स्फिंक्स स्वच्छ सांगत होतं.

का सापडत नव्हता? एप्रिल २०२३मध्ये आलेल्या जँगो ४.२ने ‘स्टोरेजेस’ हे नवं सेटिंग दिलं आणि जुनं बाद होणार असल्याचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२४च्या ५.१मध्ये जुनं काढूनच टाकलं. काढलेलं सेटिंग फाइलमध्ये तसंच राहिलं तरी जँगो एरर देत नाही, ते फक्त वाचत नाही, आणि फायली मुकाट्याने लोकल डिस्कवर जातात. जँगोच्या सूचीतून नाव गेलं त्याच क्षणी आमच्या डॉक्सनी हाक मारली होती. त्या हाकेचं तोंड दाबणाऱ्यांनीच पुढे डॉक्स शिळे असल्याचं सांगितलं. लॉग आणि डिफ दोन्ही लीडना पाठवले. “बघतो,” एवढंच उत्तर आलं. ज्या मीटिंगमध्ये ठपका ठेवला, त्या मीटिंगमध्ये तो मागे घेण्याचं सौजन्य अजूनही कुणी दाखवलेलं नाही.

ज्यांच्यावर असं काम येईल त्यांनी पहिल्याच आठवड्यात प्रकारांची यादी करावी : सेटिंग, क्लास, कमांड, कमांडचा ऑप्शन, फाइल, की, स्क्रीनवरचं बटण, आवृत्तीची टीप. प्रत्येकाला एकच रोल किंवा डायरेक्टिव्ह, आणि शेजारी एकेक खरं उदाहरण. स्फिंक्समध्ये फाइल, बटण आणि की यांचे रोल तयारच मिळतात. सेटिंगसारखे स्वतःचे प्रकार मात्र ‘कॉन्फ’ फाइलमध्ये नोंदवावे लागतात.

निटपिकी पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. ती बंद असेल तर चुकलेल्या क्लासच्या नावावर स्फिंक्स चकार शब्द काढत नाही. लिंक तेवढी गायब होते, फॉन्ट तसाच राहतो, आणि पान पाहून कुणालाही शंका येत नाही. जुन्या प्रकल्पात वॉर्निंगचा पूर येईल. तेव्हा निटपिकी बंद करू नका. जुनी नावं ‘निटपिक_इग्नोअर’च्या यादीत घाला आणि ती यादी हळूहळू रिकामी करत आणा.

मार्कडाउनची सवय असलेली मंडळी एकेरी बॅकटिक टाकतात. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये त्याचा अर्थ कोड होत नाही, ते डीफॉल्ट रोलकडे जातं आणि नाव सहसा तिरक्या अक्षरांत छापलं जातं. जँगोने डीफॉल्ट रोलच असा बसवला आहे की एकेरी बॅकटिक दिसला की बिल्ड वॉर्निंग देतं. ही युक्ती जशीच्या तशी उचलावी.

‘अमुक आवृत्तीपासून’ हे ठळक अक्षरांत लिहून भागवू नका, त्यासाठी ‘व्हर्जनअॅडेड’ आणि ‘व्हर्जनचेंज्ड’ हे डायरेक्टिव्ह आहेत. एखादी आवृत्ती दोन रिलीज मागे पडली की जँगोची मंडळी तिच्या या टिपा डॉक्समधून एकत्र काढून टाकतात. त्या साध्या वाक्यांत विखुरलेल्या असत्या तर हे जमलं नसतं.

मार्कअपमधला बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, आणि डॉक्सच्या फोल्डरमधला कुठलाही बदल डॉक्स सांभाळणाऱ्याच्या मंजुरीशिवाय मुख्य शाखेत जाणार नाही, असा नियम रिपॉझिटरीतच बसवा. तोंडी ठरलेलं मेलवर घ्या. धीर धरा, आवाज चढवू नका, मीटिंगला कागद घेऊन जा.

बिल्डचे लॉग कायम राहत नाहीत. गिटहब अॅक्शन्समध्ये ते मुळात ९० दिवसच ठेवलेले असतात. डॉक्सचं बिल्ड कुणी घाईने हिरवं केल्याचं दिसलं, की आदल्या अडलेल्या बिल्डचा लॉग त्याच दिवशी उतरवून घ्या आणि त्यातली प्रत्येक वॉर्निंग तिकीट म्हणून नोंदवा. लेखिकेला तो लॉग मुदतीच्या आत मिळाला. इथे लिहिलेलं सगळं ती त्याच्याच आधारावर सांगू शकते आहे.