हाड जुळलं, हिशेब बाकी

मोटारसायकलवाला पळून गेला नव्हता. पुण्यात सातारा रस्त्यावर, संध्याकाळच्या गर्दीत त्याची धडक बसून सागरची आई पडली, तेव्हा त्यानेच रिक्षा थांबवली, दवाखान्यात आणलं, ॲडमिट करताना दहा हजार भरले आणि सागरचा हात धरून म्हणाला, "केस करू नका दादा, सगळा खर्च मी बघतो." आईच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं, प्लेट बसली. तीन आठवड्यांनी उरलेल्या बिलाचा आकडा कळवायला सागरने फोन लावला, तर तो उचललाच गेला नाही.

मग कागदांची पिशवी घेऊन तो सुनंदाताईंकडे आला. ताई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वकिली करतात आणि त्यांचे बहुतेक पक्षकार रस्त्याने पायी चालणारेच असतात. कामाला निघालेले, भाजी आणायला गेलेले, शाळेतून परतणारे. 2022 या एका वर्षात देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले. जखमी होऊन घरी बसलेल्यांची दखल तर त्याहून कमी घेतली जाते.

"ताई, उशीर झाला का?" सागरने बसायच्या आधीच विचारलं.

"अजून नाही. पण दिवस मोजायला लाग. अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हायला हवा. 1994 पासून अशी मुदतच नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. मुदत टळली एवढ्याच कारणावरून दावे फेटाळू नका, असं न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायाधिकरणांना सांगितलं. पण तो अंतरिम आदेश आहे, त्याच्या भरवशावर बसायचं नाही. पोलिसांत गेला होतास?"

"नाही. तो म्हणाला होता ना, बिल भरतो म्हणून."

ताईंनी पिशवीतले कागद टेबलावर पसरले. एक्स-रे बाजूला ठेवला, औषधांच्या पावत्या वेगळ्या केल्या आणि केसपेपर उजेडात धरला. वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा तिरका शिक्का होता, अर्धवट पुसलेला: एमएलसी.

"हे बघ. डॉक्टरांनी ही मेडिको-लीगल केस म्हणून नोंदवली आहे. म्हणजे त्याच दिवशी पोलिस चौकीला कळवलेलं असणार. उद्या जाऊन रीतसर फिर्याद दे. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे, त्यामुळे 'किरकोळ आहे, मिटवून घ्या' असं कोणी म्हटलं तरी ऐकायचं नाही. उशीर का झाला तेही फिर्यादीत स्पष्ट लिही. त्याने दिलेला शब्द, भरलेले दहा हजार, सगळं. लपवलंस तर विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत तेच उकरून काढेल."

"पण त्या पोराला तुरुंगात घालायची आमची इच्छा नाही, ताई. त्याने आईला उचललं तरी."

हा प्रश्न ताईंना जवळजवळ प्रत्येक घरातून येतो आणि दर वेळी त्या तितक्याच शांतपणे समजावतात. फौजदारी खटला वेगळा, भरपाईचा दावा वेगळा. भरपाई बहुधा त्या मुलाच्या खिशातून जाणारच नसते. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी, आणि यातली 'थर्ड पार्टी' म्हणजे सागरच्या आईसारखी माणसं. चालकाचा परवाना रद्द झालेला असला किंवा मुळात नसला, तरी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच घालून दिला आहे. विमाच नसेल तर मात्र रक्कम मालकाकडून घ्यावी लागते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. ती वाट लांबची आहे.

"आणि गाडी पळून गेली असती तर?"

"नंबरच मिळाला नाही तर हिट अँड रनची वेगळी योजना आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. 2022 च्या आधी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार पातळीवर जातो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पुढे गाडी सापडली आणि दावा जिंकला, तर ही रक्कम त्यातून वळती होते. पन्नास हजारांत काय होतं, तुझ्या हातातलं बिल बघ. म्हणून सांगते, गाडीचा नंबर फार मोलाचा. तुझ्याकडे आहे ना?"

होता. शेजारच्या चहावाल्याने फोटो काढून ठेवला होता.

"मग निम्मं काम झालं. फिर्याद नोंदवली की पहिला अपघात अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचं बंधन पोलिसांवर आहे. सविस्तर अहवाल 90 दिवसांत. तो सविस्तर अहवालच दावा म्हणून चालवता येतो. पण आपण त्यावर विसंबायचं नाही, आपला अर्ज वेगळा तयार ठेवायचा. फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीचं आरटीओचं एक्स्ट्रॅक्ट, पॉलिसी नंबर, डिस्चार्ज कार्ड, सगळ्या पावत्या. रिक्षाच्या खर्चाचीसुद्धा वही कर. फिजिओथेरपीला किती वेळा गेलात, कोण सोबत गेलं, त्याचा खाडा पडला का, सगळं लिही."

सागर थोडा वेळ गप्प बसला. मग ज्या गोष्टीची त्याला खरी धास्ती होती, ती बोलला. "ती झेब्रा क्रॉसिंगवरून गेली नव्हती. दुभाजकाच्या फटीतून गेली. सगळे तिथूनच जातात, क्रॉसिंग फार लांब आहे."

"लपवू नकोस. चूक थोडी तिचीही ठरली तर तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कमी होते, दावा बुडत नाही. आणि तिची चूक होती हे कंपनीने पुराव्याने दाखवायचं असतं, नुसतं म्हणून भागत नाही. पंचनाम्यात क्रॉसिंग किती अंतरावर होतं, रस्त्यावर दिवे होते का, ब्रेकच्या खुणा कुठे होत्या, हे आलंच पाहिजे. इतके दिवस गेल्यावर खुणा राहिल्या नसतील, पण दिवे आणि दुभाजक तिथेच आहेत. त्यांचे फोटो काढ. आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज पुसलं जायच्या आत मागून घे."

चालकाची चूक सिद्ध न करताही पैसे मिळण्याची एक सोय कायद्यात आहे, तीही ताईंनी सांगितली: गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यू झाल्यास पाच लाख. सागरचे डोळे चमकले. अडीच लाखांत बिल फिटत होतं.

"तिथेच घाई होते," ताई म्हणाल्या. "ती रक्कम कंपनीकडून तडजोडीत स्वीकारलीस की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. ज्याचा हात पूर्ण बरा झाला त्याच्यासाठी तो चांगला मार्ग आहे. तुझ्या आईचा हात बरा झालाय का?"

आई पोळ्या करून देते. आसपासच्या दोन वसतिगृहांना आणि काही घरांना, रोज. आता मनगट वळत नाही. लाटणं धरलं तरी पुढे ढकलताना तळहातावर भार पडतो आणि कळ कोपरापर्यंत जाते. कणीक मळणं तर बंदच. डॉक्टर म्हणाले, पूर्ण हालचाल परत येईल याची खात्री नाही.

ताईंनी आता कागद सोडून वही ओढली. त्यांच्या मते सगळ्या दाव्याचा गाभा इथे आहे आणि बहुतेक कुटुंबांकडून नेमकी हीच बाजू मांडायची राहून जाते. सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी लिहिलेली असते, ती अवयवाची किंवा शरीराची. कमाई किती बुडाली, हा प्रश्न वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2010 च्या एका निकालात हा फरक उदाहरण देऊन सांगितला आहे: डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास शंभर टक्के जाऊ शकते, तोच हात गेलेला सरकारी कारकून मात्र नोकरीत राहू शकतो. 2020 मध्ये हात गमावलेल्या एका डेटा एन्ट्री ऑपरेटर तरुणाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने कमाईचं नुकसान 45 टक्के धरलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते 65 टक्क्यांवर नेलं.

"समजा आईची मिळकत महिना पंधरा हजार," ताई लिहू लागल्या. "वय?"

"चव्वेचाळीस."

"स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळीस ते पन्नास, म्हणून पुढच्या वाढीचे 25 टक्के मिळवायचे. झाले 18,750. वर्षाचे 2,25,000. या वयाला गुणक 14, म्हणजे 31,50,000. आता यातला किती भाग बुडाला? दाखल्यावर संपूर्ण शरीराचं अपंगत्व 12 टक्के आलं आणि तेवढंच धरलं, तर 3,78,000. पोळ्यांचं काम मनगटावरच चालतं हे डॉक्टरांच्या साक्षीतून पटलं आणि कमाईचं नुकसान 30 टक्के मानलं, तर 9,45,000. मनगट एकच, हाडही तेच. फरक पडतो तो आपण तिचं काम न्यायाधीशांपुढे कसं ठेवतो त्याने. उपचाराचा खर्च, घरी बसलेल्या महिन्यांची कमाई, वेदना, हे सगळं त्याहून वेगळं."

"पण मिळकतीचा पुरावा काय देणार? पावती कोण देतं पोळ्यांची?"

"हिशेबाची वही आहे?"

वही होती. शिवाय वसतिगृहाचे पैसे फोनवर यूपीआयने यायचे, ते बँकेच्या पासबुकात दिसत होते. गॅस सिलिंडरच्या पावत्या, किराणा दुकानातलं गव्हाच्या पिठाचं खातं, वसतिगृहाच्या व्यवस्थापकाची साक्ष, ताईंनी एकेक लिहून घेतलं. इथे फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा लागत नाही, गोष्ट संभाव्य वाटली तरी न्यायाधिकरण मानतं. काहीच नसेल तर किमान वेतनाचा दर धरतात. आणि बाई बाहेर काही कमवत नसली तरी तिच्या घरकामाला पैशांत मोल आहे. जानेवारी 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी पाहणीचाच आधार दिला: बाया घरकामावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, पुरुष 97.

"माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममधून थोडं बिल निघालं. ते कापणार?"

"नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये सांगितलं, मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही. हप्ता भरून घेतलेलं संरक्षण आहे ते. आणि तुला दवाखान्यात कोणी सांगितलं का, की मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात?"

कोणीच सांगितलं नव्हतं. ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. योजना कागदावर असून काउंटरवर कोणी उच्चारत नाही, यासारखा अन्याय नाही, असं त्या म्हणाल्या. ज्याला त्या क्षणी पैशांची जुळवाजुळव करावी लागते, त्यानेच विचारायला हवं, ही कुठली रीत?

सागरला आणखी एक शंका होती. त्याच रस्त्यावर महिन्यापूर्वी एक आजोबा खड्ड्यात पाय अडकून पडले होते, गाडीबिडी काही नव्हती. त्यांचं काय? ताई म्हणाल्या, तो दावा या न्यायाधिकरणात येत नाही. पण ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे जखमी झालेल्यांना पन्नास हजार ते अडीच लाख, मृत्यू झाल्यास सहा लाख देण्याचा आदेश दिला आहे. त्यासाठीच्या समितीत महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. त्या आजोबांना त्यांच्याकडे अर्ज करायला सांग.

"आमचं गाव वाई. आई आता तिकडे मामाकडे राहणार आहे. मग तारखांना पुण्याला यावं लागेल?"

"तशी सक्ती नाही. अपघात जिथे झाला तिथे, जखमी माणूस जिथे राहतं तिथे, किंवा समोरचा जिथे राहतो तिथे, कुठेही दावा दाखल करता येतो. ती खरोखरच वाईला राहणार असेल तर सातारा जिल्ह्यातही चालेल. पण तिचे डॉक्टर, वसतिगृहाचा व्यवस्थापक, चहावाला, सगळे साक्षीदार पुण्यात आहेत. विचार करून ठरवा."

"किती वर्षं जातील?"

"लोक अदालतीत तडजोड झाली तर लवकर. नाहीतर वेळ लागतो, खोटं सांगणार नाही. मात्र दावा दाखल केल्या तारखेपासून व्याज मागता येतं, साधारण सहा ते नऊ टक्क्यांच्या दराने मिळतं. निकालानंतर तीस दिवसांत रक्कम भरायची असते. कंपनी अपिलात गेली तरी तिला आधी काही रक्कम जमा करावी लागते."

सागरने कागद परत पिशवीत भरायला घेतले, तेव्हा ताईंनी एक्स-रे पुन्हा हातात घेतला. प्लेट आणि स्क्रू पांढरेशुभ्र दिसत होते.

"ही प्लेट पुढे काढायला लागणार आहे का, ते डॉक्टरांना विचारलंस?"

"काढावी लागेल म्हणाले. वर्षाने वगैरे."

"मग त्याच्या खर्चाचा अंदाज त्यांच्या लेटरहेडवर आत्ताच लिहून घे. पुढच्या उपचाराचा खर्च दाव्यातच मागावा लागतो. एकदा निकाल लागला की नव्या ऑपरेशनसाठी दुसरा दावा करता येत नाही. आणि साक्षीला याल का, हेही त्यांना विचार. नुसत्या दाखल्यावर समोरचा वकील वाद घालतो."

सागरने तिथूनच दवाखान्यात फोन लावला आणि डॉक्टर ओपीडीत कधी बसतात ते विचारलं.