तिला ओळखणारी माणसं

संध्याकाळी सहाच्या सुमाराला कुठल्याही सोसायटीच्या आवारात बघा. मुलांचा लपंडाव रंगलेला असतो आणि एखादं मूल आईचं बोट धरून कडेला उभं असतं, नाहीतर व्हीलचेअरमध्ये बसून खेळ बघत असतं. त्याला कोणी हाकलत नाही, पण कोणी बोलवतही नाही.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, शब्द उच्चारता येत नाहीत. आपलं बोलणं मात्र तिला सगळं कळतं आणि चित्रांच्या वहीत बोट ठेवून ती आपल्याला हवं ते सांगते. तिची आई म्हणून तुमच्याशी थोडं मनातलं बोलायचंय. तुमच्यासारखीच मीही ऑफिस, डबे आणि गृहपाठ यांतून दमून घरी पोचणारी आहे.

आपण लिफ्टमध्ये भेटतो. तुमचं पिल्लू मोठ्यांदा विचारतं, "आई, ही ताई अशी का बसलीये?" तुम्ही घाईनं त्याचा हात दाबता, "शूऽऽ, असं विचारू नये." आम्हाला वाईट वाटू नये, एवढंच तुमच्या मनात असतं. मला ते कळतं. पण त्या पोराला वाटतं, या ताईकडे बघायचं नसतं. दुसऱ्या दिवशी ते लिफ्टमध्ये बटणांकडे तोंड करून उभं राहतं, आणि माझ्या लेकीला ते बरोबर समजतं.

त्यापेक्षा त्याला म्हणा, "तिलाच विचार की, तुझं नाव काय?" पुढचं आम्ही बघतो. तिचे स्नायू फार ताठ असतात, म्हणून तिला खुर्ची लागते, एवढ्या उत्तरानं चार-पाच वर्षांच्या मुलाचं समाधान होतं. लगेच त्याला खुर्चीचा ब्रेक कसा लागतो ते बघायचं असतं. बघू द्या.

वाढदिवसाचंही तसंच. जिना चढायचाय, गोंगाट असतो, तिला उगाच त्रास, असा विचार करून आपण बोलवायचं टाळतो. त्यामागे काळजीच असते. पण कोणाच्या घरी फुगे लागलेत हे मुलांना खिडकीतूनही दिसतं. तेव्हा एक फोन करा आणि विचारा, "काय केलं तर तिला येता येईल?" उत्तर बहुतेक वेळा अगदी साधं असतं. खुर्ची उचलायला दोघं जण हवेत. केकचा मऊ तुकडा हवा. एखादं स्वमग्न मूल असेल, तर गर्दी व्हायच्या आधी त्याला घर बघून घेऊ द्या. फुगे फोडणार असाल तर आधी सांगा. मूल मध्येच कान झाकून घेऊ लागलं, तर आतल्या खोलीत घटकाभर बसू द्या. आणि ते लवकर घरी गेलं तरी तुमचं काही चुकलं असं वाटून घेऊ नका.

आता माझ्यासारख्या आईबाबांशी दोन शब्द. आपणही दार लावून घेतो ना? फिजिओ, स्पीच थेरपी, शाळा, दवाखाना, यातून संध्याकाळी खाली उतरायचं त्राणच उरत नाही. शिवाय नजरा नको वाटतात. कोणीतरी "तुमच्या घरात आणखी कोणाला होतं का हो?" असं विचारतं, कोणी अंगारा आणून देतं. मग "काही लागलं तर सांगा हं" असं मनापासून म्हणणाऱ्यालाही आपण "नाही नाही, सगळं ठीक आहे" असं सांगून मोकळे होतो.

खरं तर त्या माणसाला नेमकं काय करायचं तेच माहीत नसतं. त्याला एखादं छोटंसं, ठरलेलं काम सांगून बघा. "बुधवारी आम्हाला फिजिओहून यायला उशीर होतो, तेवढा वेळ धाकट्याला तुमच्याकडे बसवाल का?" हे कोणालाही जमण्यासारखं असतं. त्या धाकट्यालाही ते हवं असतं. ताईच्या वेळापत्रकात त्याचीही बरीच फरपट होते, आणि तो कुरकुर करत नाही म्हणून आपल्या ते लवकर लक्षात येत नाही.

गेल्या नवरात्रात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी भोंडला ठेवला होता. पाटावर हत्ती मांडला आणि फेर धरायची वेळ आली. सातवीतल्या एका मुलीनं काही न विचारता माझ्या लेकीची खुर्ची फेरात घेतली. दोघींनी दोन्हीकडून तिचे हात धरले, एकीनं मागून खुर्ची ढकलली. आपोआपच सगळा फेर संथ झाला.

खरी अडचण खिरापत ओळखताना होती. डबा वाजला की सगळ्या एकदम ओरडतात आणि हिला तर ओरडता येत नाही. मुलींनीच तोडगा काढला. डबा आधी हिच्या कानाशी वाजवायचा, आणि हिनं वहीतल्या चित्रावर बोट ठेवेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसायचं. तिचा हात वहीपर्यंत पोचायला वेळ लागतो. मुली थांबल्या. तिनं लाडवावर बोट ठेवलं. डब्यातून निघाल्या बाकरवड्या! "चूऽऽक!" सगळ्या ओरडल्या आणि ही खळखळून हसली.

कोणी तिला मुद्दाम जिंकवलं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. इतर मुलींसारखं चुकायची संधी तिला फार कमी मिळते.

शाळेतही हेच व्हावं असं वाटतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. ज्या मुलाचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्याला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. म्हणजे वर्गात जागा मिळायची सोय कायद्यानं केली आहे. मधल्या सुट्टीत शेजारी डबा उघडून कोण बसणार, हे मात्र तुमच्याआमच्या घरात ठरतं.

पालकसभेत कधी प्रश्न येतो, "त्या मुलामुळे बाकीच्यांचा अभ्यास मागे पडणार नाही ना?" स्पर्धेच्या दिवसांत ही धास्ती कोणालाही वाटेल. पण पन्नास मुलं सांभाळणाऱ्या बाईंना विशेष शिक्षकांची मदत मिळते का, हेही त्याच सभेत विचारू या. ती मिळाली तर तुमच्या मुलाचाही फायदाच आहे.

आणि एक काळजी आहे, जी आम्ही एकमेकांजवळही दबकत बोलतो. आमच्यानंतर हिचं काय? त्यासाठी कागदपत्रांची कामं वेळेवर करायलाच हवीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालक नेमून घेता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी स्थानिक समिती असते. याच न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. डोंबिवलीजवळच्या खोणी गावात अमेय पालक संघटनेनं बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी 'घरकुल' उभं केलं, ते आपल्यासारख्याच पालकांनी एकत्र येऊन. हे आठवलं की धीर येतो.

तरीही कागदावर सगळं लिहिता येत नाही. तहान लागली की ती डावा अंगठा मुठीत घट्ट दाबते. हे आज मला माहीत आहे, तिच्या बाबांना माहीत आहे, आणि आता त्या सातवीतल्या मुलीलाही माहीत आहे. आणखी तीस वर्षांनी आजची ही मुलंच बँकेत काउंटरवर असतील, दवाखाने चालवतील, सोसायटीच्या कमिटीवर असतील. त्यांना माझी लेक लहानपणापासून ठाऊक असेल, तर तिला प्रत्येक दारात नव्यानं ओळख करून द्यावी लागणार नाही.

म्हणून या आठवड्यात एवढंच करू या. तुमच्या आवारात कडेला बसलेलं एखादं मूल असेल, तर त्याच्या आईला विचारा, "याला काय खेळायला आवडतं?" आणि मुलांना त्याच्याकडे घेऊन जा. ते मूल आपलंच असेल, तर कितीही दमला असलात तरी पंधरा मिनिटं खाली उतरा आणि कोणी विचारलं तर त्याचा आवडता खेळ नक्की सांगा.