हमीची मुदत संपल्यानंतर : संगणकाची दुरुस्ती आणि ग्राहकाचे हक्क

ठाणे शहराच्या उत्तर भागातील माजिवडा नाक्यावर मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग, नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकत्र येतात. एकेकाळचे हे गावठाण आज ठाणे महानगरपालिकेच्या माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीचा भाग आहे. जुन्या गावठाणातील घरे आणि भोवतीच्या उंच इमारती यांत दिसावयास कितीही फरक असला, तरी संगणक आता दोन्हीकडे आहे. शहापूर-भिवंडीच्या बाजूने एखाद्या शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा बिघडलेला संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरील बाजारात न्यावयाचा झाला, तर रस्त्याची वाट बहुधा याच नाक्यावरून जाते.

हा प्रवास का करावा लागतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. संगणक विकत घेताना दरपत्रके मागविली जातात, तुलना होते आणि मंजुरी घेतली जाते. हमीची, म्हणजे वॉरंटीची, मुदत संपल्यावर त्याच यंत्राचे काय करावयाचे याचा विचार मात्र क्वचितच झालेला असतो. परिणामी शे-दोनशे रुपयांच्या भागावाचून संगणक महिनोन्‌महिने झाकून ठेवला जातो. शाळेत त्याचा अर्थ मुलांचा बुडालेला तास, तर ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी दोनदा मारावा लागणारा हेलपाटा असा होतो. गरीब कुटुंबात तोच एक संगणक मुलाच्या शिक्षणाचे साधन असतो.

हमी संपते तेव्हा काय संपते?

हमी म्हणजे ठरावीक मुदतीत, ठरावीक दोषांसाठी, विनामूल्य दुरुस्ती करून देण्याचे उत्पादकाचे वचन. ही मुदत बहुधा एक ते तीन वर्षांची असते. संगणकास तीन वर्षांची हमी असली, तरी बॅटरी व विद्युतजोडणीचा अडॅप्टर यांना पुष्कळदा एकाच वर्षाची असते. म्हणून हमीपत्र खरेदीच्या दिवशीच वाचून प्रत्येक भागाची मुदत स्वतंत्रपणे लिहून ठेवणे हिताचे ठरते.

मुदत संपल्यावर संपते ती फक्त विनामूल्य सेवा. ग्राहकाचे हक्क त्याबरोबर संपत नाहीत. यापुढे दुरुस्ती ही मोबदला देऊन घेतलेली सेवा होते आणि तिला सेवेचे सर्व नियम लागू होतात. ही सेवा उत्पादकाच्या अधिकृत केंद्राकडून घ्यावी की स्वतंत्र कारागिराकडून, हे ठरविण्यास ग्राहक मोकळा असतो.

हमीच्या शेवटच्या महिन्यात यंत्राची एकदा पूर्ण तपासणी करून घ्यावी. कळफलकाची एखादी कळ, सैल झालेली जोडणी, तापणारे यंत्र असे लहान दोष त्याच वेळी लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. मुदतीच्या आत नोंदविलेल्या तक्रारीची कामे पुढे ढकलली गेली, तरी ती नोंद ग्राहकाच्या बाजूने बोलते.

इतिहासातील एक धडा

दुरुस्ती उत्पादकानेच करावी असे नाही, हे भारताने फार पूर्वी अनुभवले आहे. १९६१ साली मुंबईत एस्सो कंपनीच्या कार्यालयात आयबीएम १४०१ हा संगणक आला. त्या काळी असे संगणक मुख्यतः भाड्याने दिले जात आणि त्यांची देखभालही कंपनीच करी. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भागभांडवलातील परकीय हिस्सा कमी करण्याचा प्रश्न आला, तेव्हा ते मान्य न करता आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील काम आवरते घेतले. यंत्रे मात्र देशातच होती आणि अनेक संस्थांचे काम त्यांच्यावर चालत होते.

ही यंत्रे बंद पडू नयेत याचा भार केंद्र सरकारने १९७५ मध्ये स्थापन केलेल्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन, अर्थात सी.एम.सी., या संस्थेने उचलला. ज्या कंपनीने यंत्रे बनविली ती देशात नसतानाही ती चालू राहिली. सुटे भाग, यंत्राची माहितीपुस्तके आणि प्रशिक्षित माणसे या तीन गोष्टी हाती असतील, तर दुरुस्ती दुसऱ्यालाही करता येते. नेमक्या याच तीन गोष्टी आजच्या लहान कारागिरास सहजासहजी मिळत नाहीत, आणि दुरुस्तीच्या हक्काची आजची चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते.

बिघाड कोठे होतो?

कोकणपट्टीतील दमट हवा, खाडीकाठचा वारा आणि रस्त्यांवरील धूळ ही संगणकाच्या आरोग्यास घातक आहेत. धूळ साचून पंखा मंदावतो आणि यंत्र तापते. तापलेले यंत्र आधी मंद चालते, मग मध्येच बंद पडते. दमट हवेने स्मृतिपट्टीच्या, म्हणजे रॅमच्या, जोडटोकांवर थर बसतो. मग यंत्र सुरू होताना नुसते शिटीसारखे आवाज येतात आणि पडदा काळाच राहतो. पट्टी काढून, टोके पुसून ती पुन्हा नीट बसविल्यास पुष्कळदा काम भागते.

नाण्याच्या आकाराच्या लहान बॅटरीचा बिघाड याहून फसवा असतो. मदरबोर्डवरील ही बॅटरी संपली की यंत्र बंद केल्यावर त्याची तारीख मागे जाते. तारीख चुकीची असल्याने शासकीय संकेतस्थळेही सुरक्षिततेच्या कारणास्तव उघडत नाहीत. वापरणाऱ्यास वाटते की इंटरनेट बिघडले. प्रत्यक्षात अत्यंत स्वस्त बॅटरी बदलावयाची असते.

वीजपुरवठ्यातील चढउतार व सदोष अर्थिंग यांमुळे पॉवर सप्लाय निकामी होतो. यूपीएसमधील शिसे-आम्लाची बॅटरी साधारणतः दोन ते तीन वर्षांत क्षीण होते. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली, तर तो ताबडतोब बंद करावा, कारण त्यात आगीचा धोका असतो. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागल्यास यंत्र पुन्हापुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नागणिक माहिती परत मिळण्याची शक्यता घटते.

चांगल्या सेवेची लक्षणे

चांगला कारागीर आधी तपासतो आणि मग दर सांगतो. न उघडताच मदरबोर्ड गेला असे सांगणाऱ्याकडे यंत्र सोपविण्यापूर्वी दुसरे मत घ्यावे. पुढील गोष्टी ग्राहकाने आग्रहाने मागाव्यात.

१. यंत्र ताब्यात घेतल्याची पावती. तिच्यावर यंत्राचा अनुक्रमांक, रॅम व डिस्क यांची क्षमता आणि ग्राहकाने सांगितलेला दोष यांची नोंद असावी. भाग बदलले गेल्याच्या शंकेस त्यामुळे जागा राहत नाही.

२. तपासणीचे शुल्क आणि दुरुस्तीचा अंदाजित खर्च लेखी. खर्च वाढणार असल्यास काम करण्यापूर्वी संमती घेतली जावी.

३. बसविलेला भाग मूळ उत्पादकाचा, अन्य कंपनीचा की वापरलेला, याचा स्पष्ट उल्लेख. अन्य कंपनीचा भाग वाईटच असतो असे नाही. परंतु त्याची किंमत मूळ भागाची लावली जाता कामा नये.

४. काढलेला जुना भाग परत.

५. पक्के बिल आणि केलेल्या कामाची हमी, मग ती तीस दिवसांची असो वा नव्वद.

माहितीच्या सुरक्षेचा भार मात्र मुख्यतः ग्राहकावरच असतो. यंत्र देण्यापूर्वी सर्व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवावी. पंखा, पडदा किंवा कळफलक बदलण्यासाठी सहसा पासवर्ड लागत नाही, त्यामुळे मागितला म्हणून तो देऊ नये. विद्यार्थ्यांची किंवा ग्रामस्थांची माहिती असलेली डिस्क शक्यतो काढून कार्यालयातच ठेवावी.

संस्थांसाठी वार्षिक देखभाल करार

शाळा, पंचायत व कार्यालये यांना प्रत्येक बिघाडासाठी स्वतंत्र मंजुरी घेणे अडचणीचे जाते. त्यांच्यासाठी वार्षिक देखभाल करार उपयुक्त ठरतो. या कराराचे दोन प्रकार आहेत. एकात सुट्या भागांचा खर्च धरलेला असतो आणि दुसऱ्यात केवळ श्रमाचा. दुसरा करार स्वस्त दिसतो, पण भाग बदलण्याची वेळ आली की वेगळे बिल येते. कोणता करार केला जात आहे, हे सही करण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक आहे.

तक्रार नोंदविल्यापासून किती तासांत माणूस येईल, किती दिवसांत काम पूर्ण होईल, न झाल्यास पर्यायी यंत्र मिळेल काय आणि विलंबाबद्दल किती रक्कम कापली जाईल, हे करारात लिहिलेले असावे. संपूर्ण वर्षाची रक्कम आगाऊ न देता ती तिमाही सेवेनंतर देण्याची अट घालावी. वर्षातून किमान एक तपासणी पावसाळ्यापूर्वी ठेवावी. नव्या खरेदीच्या वेळीच हमीनंतरच्या देखभालीचा दर मागवून ठेवल्यास पुढे घासाघीस करावी लागत नाही.

जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाची एकच ओळ असते. तिच्या जोडीला प्रत्येक यंत्राची एक साधी इतिहासपत्रिका ठेवावी आणि तिच्यात खरेदीचा दिनांक, हमीची अखेर, प्रत्येक बिघाड, बदललेला भाग व खर्च लिहावा. शिक्षक किंवा ग्रामपंचायत अधिकारी बदलून गेला तरी यंत्राची हकीकत कार्यालयात राहते.

कायद्याचा आधार

ग्राहक चळवळ महाराष्ट्रास नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला.

या कायद्यानुसार मोबदला देऊन घेतलेल्या सेवेतील उणीव ही तक्रारीस पात्र आहे. बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष सेवेबद्दल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याने आवश्यक नसताना उघड करणे यांचाही त्यात समावेश आहे.

प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, कारण अनेक प्रकरणे तेथेच मिटू शकतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणास शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ग्राहक जेथे राहतो तेथेच ती दाखल करता येत असल्याने माजिवड्यातील रहिवाशास कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी जाण्याचे कारण नाही. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली सेवा सामान्यतः या कायद्याबाहेर राहते, हे मात्र ध्यानात ठेवावे. संस्थांच्या बाबतीत नीट लिहिलेला करार हाच पहिला आधार होय.

दुरुस्तीचा हक्क

उत्पादक सुटे भाग व माहिती स्वतःकडेच रोखून धरतो, तेव्हा कायद्याचे ज्ञानही अपुरे पडते. मोटारींच्या सुट्या भागांसंबंधी भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा उत्पादकांविरुद्ध आदेश देऊन हा प्रश्न ऐरणीवर आणला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली. उत्पादकांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, सुरू झाले. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर त्या किती दुरुस्तीयोग्य आहेत याचा गुणांक दाखविणे सक्तीचे झाले. भारतातही अशा निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल सादर केला.

गुणांक दाखविला जावो वा न जावो, ग्राहकाला खरेदीच्या वेळी दोन प्रश्न विचारता येतात : रॅम व डिस्क बदलता येते काय, आणि बॅटरी किती वर्षे मिळेल? काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते. ती बिघडली तर दुरुस्ती अवघड व महाग होते.

दुरुस्ती की निर्लेखन?

प्रत्येक जुने यंत्र टिकवावेच असे नाही. दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर विचार करावा. परंतु मंदपणा म्हणजे म्हातारपण नव्हे. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसविल्यास आणि रॅम वाढविल्यास अनेक यंत्रे पुढील काही वर्षे शाळेचे काम उत्तम करतात. विंडोज १० या प्रणालीचे नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यामुळे ज्यांवर पुढील आवृत्ती चालत नाही अशी धडधाकट यंत्रेही अडगळीत जाण्याचा धोका निर्माण झाला आहे. विनामूल्य लिनक्स प्रणाली हा त्यांच्यासाठी विचारात घेण्याजोगा पर्याय आहे.

जे यंत्र खरोखर निरुपयोगी झाले, ते रीतसर निर्लेखन करून, डिस्कवरील माहिती कायमची पुसून, नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. भंगारात दिलेल्या मदरबोर्डमधील शिसे शेवटी जमिनीत व पाण्यात उतरते.

हमीची मुदत ही उत्पादकाने आखलेली रेषा आहे. तिच्यापलीकडे यंत्र किती वर्षे सेवा देईल, हे पावतीवरील नोंद, करारातील अट, पावसाळ्यापूर्वीची सफाई आणि जाणत्या कारागिराचा हात यांवर ठरते. शाळेतील बंद संगणकावरील झाकण काढून एकदा त्याची इतिहासपत्रिका लिहावयास घेतली, तर त्यांपैकी किती यंत्रे किरकोळ भागासाठी थांबली आहेत हे ध्यानात येईल. निधी मागण्यापूर्वी तेवढे काम प्रत्येक शाळा व ग्रामपंचायत करू शकते.